टपाल कोण फोडतं? भिवंडीतले चार दिवस

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय शिकवलं तिकडं?" त्यातले थोडे चौकस असतात ते पुढं विचारतात, "कोणी शिकवलं?" म्हणजे मोठं कोणी आलं होतं का. वसतिगृह चालवणारी बाई रजा टाकून भिवंडीला जाते, म्हणजे कुठल्या तरी साहेबासमोर वही घेऊन बसायलाच गेली असणार, हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलेलं आहे. मला याचा राग येतो. रागातच मी हे लिहायला बसले आहे, तेव्हा गोड शब्दांची अपेक्षा कोणी ठेवू नये. निसर्गवर्णनही बेताचंच. भिवंडीला कोणी हवापालट करायला जात नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही चौघं आहोत. मी सुशीला, लातूरकडची. आमच्या बौद्ध वस्त्यांतल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या मुलींसाठी मी वसतिगृह काढलं. शमीम भिवंडीची, जुन्या कोकणी मुसलमान घरातली. लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, राबणाऱ्यांच्या बायकामुलींसाठी ती केंद्र चालवते. लहानूदादा गणेशपुरीच्या बाजूचा कातकरी, वीटभट्टीवरच्या आपल्या माणसांची संघटना बांधणारा. आणि गौतम अंजूरचा, माझ्यासारखाच बौद्ध. खाडीकाठच्या गावांतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो आणि पोटासाठी टेलिफोन खात्यात नोकरी करतो.

आमची गाठ पडली ती पुण्यात, तीन वर्षांपूर्वी. मुंबईची एक मोठी मदत देणारी संस्था आहे. तिनं आमच्यासारख्या संस्थाप्रमुखांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. गार हॉल, गुबगुबीत खुर्च्या. समोरच्या गृहस्थांनी आम्हाला आमच्या संस्थेचं झाड काढायला लावलं, मुळं कोणती, फांद्या कोणत्या. लहानूदादानं खरोखरच मोहाचं झाड काढलं, फुलांसकट, आणि सगळे हसले. मी 'अडचन' म्हटलं तर गृहस्थांनी 'अडचण' असं दोनदा म्हणवून घेतलं. वीस वर्षं मी मुली शिकवते आहे. पण त्या हॉलमध्ये मी मान खाली घालून 'अडचण, अडचण' म्हटलं, हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं मागच्या नळापाशी गोळा झालो. लहानूदादा तांब्यानं हात धुताधुता म्हणाला, "यांना सांगायचंच असतं. इचारायचं कायच नसतं." त्या नळाशीच आमचा कायदा ठरला. दर सहा महिन्यांनी एकाच्या घरी जमायचं. पाहुण्यानं पहिला दिवस यजमानाचं काम करायचं, तोंड बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी बसायचं आणि यजमानाला फक्त विचारायचं. सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. आतापर्यंत सर्वात जास्त भांडी मी घासली आहेत.

या वेळी शमीमकडे जायचं होतं. तिचं पोस्टकार्ड आलं, 'बुधवारी या, शनिवारपर्यंत राहा, या खेपेला काम आहे'. मी ते पत्त्यासाठी पर्समध्ये टाकलं. कार्डावर आमच्या वसतिगृहाचा आवक शिक्का होता आणि आमच्या संचालकांची निळ्या शाईतली बारीक सही.

बुधवार, कशेळी ते भिवंडी

एसटीचं रडगाणं गात नाही. ठाण्याला उतरले, रिक्षा केली, आणि कशेळीच्या पुलाआधीच अडकले. पुढं ट्रक, मागं ट्रक, दोन्ही बाजूंना ट्रक, आणि प्रत्येकावर कापडाच्या गाठी. खाली खाडी होती, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. भरती ओसरून चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे एकेक पाय उचलून चालत होते. आमच्याकडे एवढं पाणी एका जागी दिसलं तर माणसं नारळ वाहतील.

रिक्षावाल्याला मी पोस्टकार्ड दाखवलं. त्यानं पत्ता वाचला, शिक्का वाचला, आणि विचारलं, "सरकारी काम आहे का मॅडम?" मी नाही म्हटलं. "मग शिक्का कशाला मारलाय?" म्हणाला. मी कार्ड परत पर्समध्ये टाकलं.

भिवंडी डोळ्यांना दिसायच्या आधी कानात शिरते. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे कारखाने आणि आत लूम, खडखड, खडखड, जिवाला थारा नाही. भिंतीला टेकलं तर पाठ थरथरते. शमीमचं केंद्र अशाच एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिनं मला पाणी दिलं तर पेल्यातलं पाणी एकसारखं शहारत होतं. ती काहीतरी बोलली. मला ओठ दिसले, शब्द नाही. मी ओरडून विचारलं, "काय?" तिथं बसलेल्या आठ-दहा बायका माझ्याकडे बघून हसल्या. त्या आपसात आरामात गप्पा मारत होत्या. या गावात माणसं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात. समोरच्याचे ओठ बघायचे, मध्येच बोटांची एखादी खूण करायची, की झालं. ओरडतो तो बाहेरचा.

शमीमच्या आईनं रात्रीला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी केली होती. मी जन्मभर ज्वारी खाल्लेली. तांदळाची भाकरी मला नेहमी आजारी माणसाच्या जेवणासारखी वाटते, पण त्या जवळ्याबरोबर मी चार खाल्ल्या. मी आमच्याकडची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. म्हातारीनं कडक भाकरीचा तुकडा चहात बुडवला, चघळला आणि म्हणाली, "ही भाकरी हाय का कौल हाय?" पण सकाळी आणखी मागून घेतली.

शमीम वाळली होती. सहा महिन्यांत डोळ्यांखाली काळं आलं होतं. काय काम आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "उद्या काम कर, मग सांगते." कायद्याप्रमाणे बरोबर होतं.

गुरुवार, भिवंडी

लहानूदादा सकाळच्या एसटीनं आला, खांद्याला पिशवी, पिशवीत शमीमच्या आईसाठी कंदमुळं. गौतम ड्युटी संपवून दुपारी यायचा होता. शमीमनं कामं वाटली. लहानूदादाला लहान मुलींच्या वर्गात बसवलं, मला दवाखान्यात पाठवलं. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका विणकराची बायको, रुखसाना, तिचा खोकला महिनाभर हटत नव्हता. तिच्यासोबत जायचं.

आता यात काय अवघड आहे? मीही तेच म्हणत होते. रांगेत दोन तास उभं राहून आमचा नंबर आला. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, काय होतंय. रुखसाना बोलायच्या आत मी पुढं झाले आणि खणखणीत आवाजात सगळं सांगितलं: किती दिवस, केव्हा वाढतो, घरात कोण कोण, कापसाची धूळ किती. डॉक्टरनं माझ्याकडे बघून गोळ्या लिहून दिल्या. रुखसानाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, किल्ला सर केला.

बाहेर आल्यावर रुखसाना म्हणाली, "दीदी, मेरी खाँसी मैं बता लेती." रागानं नाही म्हणाली, दुपट्टा सारखा करता करता म्हणाली. मग सांगितलं की तिला खोकल्यातून रक्त पडतं, हे सांगायचं राहूनच गेलं. आम्ही परत रांगेत उभ्या राहिलो. या वेळी मी तिच्या मागं उभी राहिले. शमीम नेहमी अशीच मागं उभी राहते, हे मला रुखसानानंच सांगितलं. डॉक्टर खेकसला की ती फक्त पाठीला हात लावते.

ही झाली माझी पहिली चूक. दुसरी त्याच संध्याकाळी झाली आणि ती मोठी होती.

वर्ग सुटला, बायका घरी गेल्या, गौतम आला. शमीमनं कपाटातून एक पाकीट काढलं आणि पत्र माझ्या हातात दिलं, कारण चष्मा माझ्याकडेच होता. 'आपल्या कामाचा वाढता व्याप लक्षात घेता व आपल्यावरील प्रशासकीय भार हलका करण्याच्या हेतूने...' मला पुढचं वाचायची गरज नव्हती. पुढचं मला पाठ होतं. त्याच मुंबईच्या संस्थेनं केंद्रावर एक संचालक नेमायचं ठरवलं होतं. शमीमनं 'क्षेत्र समन्वयक' व्हायचं. सगळा पत्रव्यवहार संचालकांच्या नावे. खाली सहीसाठी जागा. सल्लागार म्हणून त्यांचे एक गृहस्थ आहेत, ते सही घ्यायला स्वतः येणार होते. सही केली नाही तर मदतीचा फेरविचार होईल, हेही अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि सुटले. सही करायची नाही म्हणजे नाही. केंद्र कुणी उभं केलं? दंगल झाली तेव्हा हे कुठं होते? घाम तुझा आणि खुर्ची त्यांची? तू असं लिही, तू तसं सांग, तू अमक्याला भेट. लूमचा आवाज होता म्हणून मी आणखी ओरडले. अर्धा तास तरी चाललं असेल. लहानूदादा जमिनीकडे बघत होता. गौतमनं दोनदा 'ताई' म्हटलं, मी ऐकलं नाही.

मी थांबले तेव्हा शमीमनं माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. तिचे ओठ मला स्पष्ट दिसले. "तू पण तशीच बोलतेस, मुंबईवाल्यासारखी. मी थकले, सुशीला. त्यांना इंग्लिशमध्ये रिपोर्ट पाहिजे, तो लिहिताना मला रडू येतं. करते मी सही. सुटते एकदाची."

त्या दिवशीची भांडी मी न सांगता घासली.

शुक्रवार, अंजूर आणि भिवंडी

शुक्रवारी भिवंडीत लाइट नसते आणि लूम बंद असतात. सकाळी जाग आली ती आवाज नाही म्हणून. कुठंतरी कोंबडा आरवला, कुणी बादली आपटली, आणि मला कळलं की या गावातही पक्षी आहेत. शमीम म्हणते, आमच्याकडे लग्न जमवायचं, भांडण मिटवायचं, मयताची आठवण काढायची, सगळं शुक्रवारी. बाकीचे दिवस आवाजाच्या आड लपता येतं.

बैठक दुपारच्या नमाजानंतर होती, म्हणून गौतम आम्हाला सकाळी अंजूरला घेऊन गेला. मी कालच्या अपमानात धुमसत होते आणि त्याला ते दिसत होतं. त्याच्या घरामागं पूर्वी भातशेती होती, तिथं आता गोदामाची निळी भिंत आहे. भिंतीच्या पायथ्याशी हातभर जागा उरली होती, त्यात त्याच्या आईनं वाल लावले होते. गोदामावर रखवालदार म्हणून गावातलीच पोरं आहेत, आपल्याच जमिनीचा पहारा करतात. "पगार देतात म्हणून लोक म्हणतात, बरं झालं," गौतम म्हणाला. भाताच्या जमिनीवर कुणाचं तरी कुलूप आणि आपल्या हाती काठी, हे मला जरा जास्तच ओळखीचं वाटलं. त्याच्या आईनं वालाचं बिरडं करून डब्यात भरून दिलं.

दुपारी चौघं शमीमच्या केंद्रात चटईवर बसलो. मटण होतं, बिरडं होतं, आणि शमीमच्या आईनं सांदणं केली होती, वाफवलेली, पांढरीशुभ्र, नारळाच्या रसात बुडवून खायची. सणाशिवाय ती करत नाहीत म्हणे. खाताना कोणी कामाचं बोललं नाही. मग हात धुतले आणि गौतमनं सुरुवात केली.

"सही केलीस तर शनिवारी सकाळी कोणतं काम तुला करायचं नाही?"

शमीम विचार करू लागली. बोटांवर मोजायला लागली. वर्ग? तो तिलाच घ्यायचा. दवाखाना? तिनंच जायचं. बायकांच्या नवऱ्यांशी, मालकांशी, रेशनच्या माणसाशी बोलणं? तेही तिचंच. "रिपोर्ट सुटेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाय, तो पण मीच लिहून द्यायचा. ते फक्त इंग्लिश करणार."

"आनि सही न्हाय केली तर?" लहानूदादानं विचारलं.

"तर पैसे बंद. ही जागा जाईल. वर्ग घेणाऱ्या माझ्या दोन पोरी, त्यांचा पगार जाईल. मी हवेत नाय बोलत. नाय म्हणणं सुशीलाला सोपंय."

ते मला लागलं. विचारायला माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता, फक्त उत्तरं होती, ठासून भरलेली.

लहानूदादा उठला. मग खिडकीपाशी गेला. मी आल्या दिवशी पर्समधून काढून तिथं ठेवलेलं शमीमचं पोस्टकार्ड त्यानं उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्यापुढं चटईवर ठेवलं. लहानूदादा सावकाश वाचतो. दोन दिवस तो ते कार्ड वाचत असणार.

"ताय," तो म्हणाला, "तुजं टपाल कोन फोडतं?"

लूम चालू असते तर मी ऐकलं नाही म्हटलं असतं. शुक्रवार होता. पोस्टकार्ड फोडायचं नसतं, एवढं ओठांवर आलं होतं. पण तो निळा शिक्का आणि ती बारीक सही सगळ्यांसमोर पडली होती, आणि तिघंही माझ्याकडे बघत होते, चेष्टेनं नाही.

मग मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हेच पत्र मला आलं होतं. शब्द न शब्द तेच, फक्त नाव वेगळं. माझ्या शेजारी तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं, आणि मी तुम्हालाही कळवलं नाही, कारण मला लाज वाटली; माझ्याकडे जमायची पाळीही मी दर खेपेला निमित्त काढून पुढं ढकलली. मी सही केली. निवृत्त अधिकारी संचालक म्हणून आले. माणूस वाईट नाही, सकाळी अकराला येतो, चारला जातो. माझ्या खोलीत आता त्यांचं टेबल आहे. पोस्टमन टपाल त्यांच्या टेबलावर ठेवतो, ते फोडतात, वाचतात, शिक्का मारतात, सही करतात आणि मग शिपायाबरोबर माझ्याकडे पाठवतात. मुलींच्या आयांची पत्रंसुद्धा. एका आईनं तिच्या लेकीविषयी मला जे लिहिलं होतं ते आधी त्यांनी वाचलं. त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले आणि बाहेर येऊन मुलींच्या हजेऱ्या घेतल्या.

कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. कायद्यात ते बसत नाही. शमीमनं विचारलं, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका नीट ऐकला, "सही केल्यावर तुझा राग कुठं गेला?"

मला उत्तर माहीत होतं. मी ते कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. "मुलींवर," मी म्हटलं. "संचालकांशी मी गोड बोलते. मुलींवर ओरडते. वेणी वाकडी, ताट नीट घासलं नाही, कशावरूनही. पूर्वी मी अशी नव्हते."

शमीमची आई दारात बसून सुपारी कातरत होती. तिचं कातरणं थांबलं. शमीमनं पत्र उचललं, पाकिटात घातलं आणि गौतमला म्हणाली, "तुझ्या टेलिफोनवरून मुंबईला फोन लावून दे मला."

सल्लागार नेहमी शुक्रवारी यायचे. आवाजानं त्यांचं डोकं दुखतं, म्हणून शांत दिवस निवडायचे. या खेपेला पुढच्या शुक्रवारचं ठरलं होतं. शमीमनं फोनवर एवढंच सांगितलं, शुक्रवारी नाय, उद्याच या, तुमच्या पत्राचं उत्तर तयार आहे. त्यांना वाटलं सही तयार आहे. ते लगेच हो म्हणाले.

शनिवार, भिवंडी

ते आले तेव्हा बाराचा सुमार होता आणि खाली लूम पूर्ण भरात होते. नाकाला रुमाल, काखेत फाइल. जिना चढून आले ते घामेघूम. आमचा कायदा शमीमनं त्यांना सांगितला. इथं पाहुणा आधी काम करतो. म्हणून त्यांना चटईवर बसवून पाटी दिली आणि अक्षरं गिरवणाऱ्या एका बाईचा हात धरायला सांगितला. त्यांना वाटलं ती गंमत करते आहे. ते हसले आणि खुर्ची मागितली. खुर्ची आहे, पण तिच्यावर सतरंज्यांची चळत होती. ती कोणी उचलली नाही.

मग त्यांनी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, ओरडून. व्याप, व्यवस्थापन, पुढची पायरी. आवाज फाटत होता. वर्गातल्या बायका पाट्या खाली ठेवून त्यांचे ओठ बघत होत्या, एकही शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नव्हता. शमीम रोजच्या आवाजात बोलली. ते पुढं वाकून 'काय, काय' करत राहिले. तीन वेळा विचारल्यावर त्यांना तिचा प्रश्न कळला, "नवे संचालक भिवंडीत राहणार काय?"

"नाही, मुंबईतच. पण नियमित येतील. महिन्यातून एकदा."

"कुठल्या वारी?"

"शुक्रवारी," ते ओरडले.

बायका हसल्या. आवाज तर आलाच नाही, पण सगळ्यांचे खांदे हलत होते, रुखसानानं तोंडावर दुपट्टा दाबला होता. सल्लागारांना कळेना काय झालं. शमीमनं पाकीट त्यांच्या फाइलवर ठेवलं. पत्र आत होतं, सहीची जागा कोरी होती.

ते चिडले. मुंबईची माणसं चिडली की जास्त शुद्ध बोलतात. त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, यांना हा सल्ला कोणी दिला? गौतम म्हणाला, कोणी नाही, आम्ही फक्त विचारलं. त्यांना ते खोटं वाटलं असणार. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि चेहरा उजळला. मला ते ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी माझी सही त्यांनीच घेतली होती.

"तुम्हीच सांगा यांना," ते म्हणाले. "तुमच्याकडे किती छान चाललंय."

सगळ्या बायका माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी ओरडले नाही. "छान चाललेलं नाही," मी म्हटलं. "चाललंय."

त्यांना ते ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. ते जिना उतरून गेले. बायकांना ऐकू गेलं.

यात विजय वगैरे काही नाही. मदत थांबली. शमीमची ती जागा गेली, वर्ग आता तिच्या आईच्या पडवीत भरतो, दोन पोरींपैकी एकीनं कापडाच्या दुकानात नोकरी धरली. शमीमनं हे सगळं पत्रात लिहिलं आहे, आणि सही न केल्याचा पस्तावा होत नाही असं तिनं एकदाही लिहिलेलं नाही. काही दिवस होतो, काही दिवस होत नाही, असं लिहिलंय. तिला तसं करावं लागलं याची मला चीड आहे, आणि ती माणसं अजून कुठल्या तरी गार हॉलमध्ये कुणाला तरी झाड काढायला लावत असतील याचीही.

मी घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोस्टमन आला. नेहमीप्रमाणे तो मला ओलांडून आत जाऊ लागला. मी हात पुढं केला. तो घुटमळला, म्हणाला, "बाई, साहेबांकडे द्यायचं असतं ना?" मी म्हटलं, पाटीवर वसतिगृहाचं नाव आहे आणि वसतिगृह माझं आहे. त्यानं एकच पाकीट होतं ते दिलं. आतून संचालक दारापर्यंत आले होते, त्या दिवशी जरा लवकर आले होते, हातात शिक्का होता. ओसरीवर मुली दप्तरं भरत थांबल्या.

मी पाकीट फोडलं. आत पंचायत समितीचं छापील परिपत्रक होतं, पाण्याच्या टाक्या स्वच्छ ठेवाव्यात म्हणून. मी ते दारातच उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि मग मुलींना ऐकू जाईल असं मोठ्यानं पुन्हा एकदा वाचलं.